कोल्हा, फॉक्स आणि एका तासाचा फरक: ऐरोलीतल्या ऑफिसमधलं एक प्रकरण

मी ऐरोलीत एका ऑफिसमध्ये ॲडमिन बघतो. ॲडमिन म्हणजे एसी, पाणी, पँट्री, सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, आणि कुणाला लागलं-खुपलं की त्याचा इन्सिडेंट रिपोर्ट. वर्षभरात जे रिपोर्ट लिहितो ते बहुतेक एकाच छापाचे असतात, ओल्या लादीवर पाय घसरला, कॉफी मशीनची वाफ लागली, कपाटाच्या दारात बोट आलं, कटरने खोकं उघडताना अंगठा कापला. हे प्रकरण त्यातलं नाही, म्हणजे सुरुवात त्यातलीच आहे पण शेवट नाही, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय. कंपनीचं आणि माणसांचं नाव देत नाहीये, ऑफिस नक्की कुठे तेही नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

जागा अशी. आमची मागची भिंत संपली की खारफुटी सुरू, तिवरांची गर्दी, चिखल, आणि त्यापलीकडे खाडी. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तो रामसर यादीतही (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) गेला, हे आमच्या एचआरला पाठ आहे कारण नवीन जॉइन झालेल्यांना गच्चीवरून फ्लेमिंगो दाखवणं हा त्यांच्या इंडक्शनचा भाग असतो. ह्याच खारफुटीत कोल्हे राहतात हे मात्र इंडक्शनमध्ये नाही. ऐरोली, वाशी, खारघर, पलीकडे विक्रोळी, भांडुप, सगळीकडे आहेत. खेकडे, मासे, उंदीर, पडलेली फळं, मेलेलं काहीबाही असं सगळं खातात. आपल्याकडे म्हणतातच ना, कोल्हा काकडीला राजी, तसाच प्रकार.

ऑफिस आणि भिंत ह्यांच्यामध्ये एक लॉनचा पट्टा आहे, एका टोकाला डीजी सेट (डिझेल जनरेटर), दुसऱ्या टोकाला पँट्रीचं मागचं दार, तिथून ट्रॉली उतरवायला एक रॅम्प आणि रॅम्पच्या पायथ्याशी ओल्या कचऱ्याचा डबा. मागच्या फाटकाखाली वीतभर फट. हा नकाशा डोक्यात ठेवा, सगळं ह्या एवढ्याशा जागेत घडलंय.

आम्ही इंग्लंडच्या क्लायंटचं काम करतो त्यामुळे शिफ्ट त्यांच्या घड्याळाप्रमाणे, दुपारी दीड ते रात्री दहा, आठ वाजता जेवण. चाळीसेक माणसांचं जेवण बाहेरून येतं आणि रोज दोन-तीन किलो तरी उरतं. गणपती झाल्यावर एका रात्री सिक्युरिटीचे काका (सिंधुदुर्गातले, साठीला आलेले, मोबाइलवर फक्त भजनं ऐकणारे) पँट्रीच्या दारात येऊन हळूच म्हणाले, "कोल्हो इलो हा, बघतास?" आम्ही चार-पाच जण ताट सोडून धावलो. डीजीच्या बाजूला लॉनच्या कडेला उभा होता, कुत्र्यापेक्षा थोडा बारीक, करड्या-पिवळट रंगाचा, कान ताठ. आमच्याकडे बघितलं, काही विशेष वाटलं नसावं, फटीतून निघून गेला. दुसऱ्या दिवशी काकांनी उरलेला भात-चिकन एका कागदावर ठेवला. तिसऱ्या दिवशी तो परत आला. आठवड्याभरात त्याचं नाव शेठ पडलं, ग्रुपवर रोज फोटो, अकाउंट्सची मंडळी तर जेवण उरवायलाच लागली.

मी अडवलं का? नाही. मीही फोटो काढले. काकांनी मला विचारलंही होतं की "दादा, चालेल ना?" आणि मी म्हटलं, चालेल हो, नाहीतरी कचऱ्यातच जातंय. रिपोर्टमध्ये हे वाक्य मी स्वतः घातलं, कारण नंतर सगळं काकांवर ढकलायचा एक प्रयत्न झाला.

आता गंमत बघा. आमच्या टीम लीड मॅडमनी एका कॉलवर तिकडच्या लोकांना हे सांगितलं, फोटो नाही, नुसतं सांगितलं, आणि इंग्रजीत सांगताना अर्थातच फॉक्स म्हटलं. आपण सगळेच म्हणतो. शाळेत फॉक्स म्हणजे कोल्हा असंच शिकलो, द्राक्षं आंबट म्हणणारा तो कोल्हाच होता. पण आपल्याकडे कोल्हा म्हणतात तो जॅकल. फॉक्सच्या जातीतलं आपल्याकडचं जनावर म्हणजे खोकड, ते लहानसं असतं, तीन-चार किलोचं, कोरड्या माळरानावर राहतं, खारफुटीच्या चिखलात नाही. आणि इंग्लंडात बागेत येतो तो लाल फॉक्स, तांबूस अंगाचा, झुपकेदार शेपटीचं टोक बहुतेक वेळा पांढरं, तो आपल्याकडे हिमालयात किंवा राजस्थान-कच्छच्या कोरड्या भागात. आमचा शेठ आठ-दहा किलोचा, शेपटी आखूड, टोकाला काळी. नात्याने तो लांडगा-कुत्र्यांच्या घरातला, फॉक्स वेगळ्या घरातला. हा फरक तेव्हा आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हता, काका सोडून, आणि काकांना कुणी इंग्रजीत विचारलं नाही.

तिकडे ब्रिस्टलला एक वयस्कर सहकारी आहेत, त्यांच्या परसबागेत वर्षानुवर्षं फॉक्स येतात. ब्रिस्टल त्यासाठी प्रसिद्धच आहे म्हणे. त्यांनी इतक्या प्रेमाने लांबलचक मेल पाठवला की मी प्रिंट काढून पँट्रीत चिकटवला. मेल चांगला होता, आजही म्हणतो. खाणं दारापाशी नाही, बागेच्या लांबच्या टोकाला ठेवा. हातातून कधीही भरवू नका, एकदा हाताची सवय लागली की तो पुढच्या माणसाच्या हातालाही येऊन लागतो आणि त्या माणसाला हे माहीत नसतं. लगेच संपेल एवढंच ठेवा, कारण जास्त झालं तर ते पुरून ठेवतात, तेही शेजाऱ्याच्या कुंडीत. उरलेलं उचला नाहीतर उंदीर येतात. भांडं रोज धुवा. कुत्र्याचं डब्यातलं खाणं, अंडं, बिनमिठाचे शेंगदाणे चालतात, तिखट-मीठ-मसाला नको, शिजवलेली हाडं नकोत कारण ती चिरफाळतात आणि घशात-आतड्यात टोचतात, कांदा, चॉकलेट, मनुका नकोत. (द्राक्षं-मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला खरंच घातक असतात, म्हणजे गोष्टीतला कोल्हा द्राक्षं सोडून गेला ते बरंच झालं.) खरूज झालेला दिसला तर आपल्या मनाने औषध खाण्यात मिसळू नका, आणि त्यावर त्यांनी १९९४ ची गोष्ट लिहिली होती, ब्रिस्टलमध्ये खरजेची साथ आली आणि पुढच्या दोनेक वर्षांत शहरातले नव्वद टक्क्यांहून जास्त फॉक्स संपले. शेवटी एक ओळ, वेळ ठरलेली ठेवा, म्हणजे तुम्हाला भांडं उचलता येईल आणि त्यालाही घुटमळावं लागणार नाही.

ह्यातलं एकही वाक्य चूक नाही. त्यांच्या बागेसाठी.

मेलमध्ये एक शब्द नव्हता, रेबीज. असण्याचं कारणच नव्हतं. ब्रिटनमध्ये वटवाघळं सोडली तर तिथल्या कुठल्याही प्राण्यापासून माणसाला रेबीज झाल्याची नोंद १९०२ नंतर नाही. युरोपात फॉक्सना रेबीज व्हायचा, तिथे १९७८ मध्ये स्वित्झर्लंडपासून सुरुवात करून लस भरलेलं आमिष जंगलात टाकून टाकून त्यांनी तो बऱ्याच देशांतून हटवला. म्हणजे ब्रिस्टलच्या माणसाने बागेतल्या फॉक्सबद्दल विचार करताना फार तर खरूज, उंदीर, चिडलेले शेजारी इथपर्यंतच जायचं. आपल्याकडे मात्र यादीची पहिली ओळच ती हवी. २०२४ मध्ये चेंबूरच्या बाजूला सापडलेल्या कोल्ह्यांना रेबीज असल्याचं तपासणीत निघाल्याच्या बातम्या आल्या होत्या, चेंबूर आणि आम्ही एकाच खाडीच्या दोन काठांवर. बातमी मी वाचली होती. पण डोक्यात ती कोल्ह्याच्या खणात पडली होती आणि पँट्रीतला प्रिंट फॉक्सच्या खणात, दोन्ही खण एकच आहेत हे कळायला नोव्हेंबर उजाडला.

आता मधले दोन किरकोळ रिपोर्ट, कारण ते किरकोळ नव्हते.

सप्टेंबरच्या शेवटी काका रॅम्पवर घसरले. डाळ-भाताचा कागद घेऊन उतरत होते, आदल्या दिवशीची डाळ तिथे सांडून वाळली होती, वरून पावसाची सर आली आणि ती परत बुळबुळीत झाली. मनगट मुरगळलं, तीन आठवडे क्रेप बँडेज. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, कारण: ओला रॅम्प, उपाय: अँटी स्किड टेप. टेप लावली.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी एका रांगेतली सहा डेस्क नेटवर्कवरून गेली. आयटीवाल्यांनी फॉल्स सीलिंग उघडलं तर केबल कुरतडलेली, लेंड्या पडलेल्या. कारण: उंदीर, उपाय: पेस्ट कंट्रोल. पेस्ट कंट्रोलवाला आला, गोंदाचे ट्रॅप लावले, जाताना म्हणाला, "साहेब, मागे खायला कोण टाकतं?" मी म्हटलं, कोल्ह्याला टाकतात. तो हसला. मीही हसलो. अँटी स्किड टेपचा रिपोर्ट आणि उंदराचा रिपोर्ट एकाच फोल्डरमध्ये एकाखाली एक होते आणि मला त्यांच्यात काही संबंध दिसला नाही, आज ते बघताना स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते.

उंदीर आले तसे कावळेही आले आणि मग कुत्रे. आधी एक लंगडी कुत्री, मग तिच्यामागून तीन. ते फाटकाच्या फटीतूनच यायचे. काका त्यांना हाकलायचे कारण जेवण शेठसाठी होतं. ह्या वाक्यात सगळा घोळ आहे, जेवण कुणासाठी आहे हे कागदावर लिहिलेलं नसतं. माणसाला रेबीज होतो तो नव्याण्णव टक्के कुत्र्यांमुळे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही कोल्ह्याचं कौतुक करत होतो आणि पंगतीला कुत्रे जमवत होतो, तेही कोल्ह्याच्या शेजारी, म्हणजे एकाचं दुसऱ्याला लागायची पूर्ण सोय. दिवाळीत फटाक्यांमुळे शेठ चार-पाच दिवस फिरकला नाही, कुत्रे मात्र हजर.

मग आला ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. ज्यांनी यूके शिफ्ट केलीय त्यांना माहीत असेल, त्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे जातं. साडेचार तासांचा फरक साडेपाच होतो, आपली शिफ्ट अडीच ते अकरा होते, आणि जेवण आठऐवजी नऊला. मी त्याचा मेल सगळ्यांना पाठवतो, कॅब, केटरर, सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, एसी. कोल्ह्याला कोण पाठवणार.

नंतर मी सीसीटीव्ही काढून बघितलं. सोमवारी तो ८ वाजून ५ मिनिटांनी आला. डीजीजवळच्या नेहमीच्या जागी काहीच नव्हतं. बारा मिनिटं नुसता उभा, मग गेला. मंगळवारी ८ ला दोन मिनिटं कमी असताना आला, जागा हुंगली, लॉन ओलांडून रॅम्पपर्यंत गेला. बुधवारी थेट रॅम्पच्या पायथ्याशी, कचऱ्याच्या डब्याला दोन पाय लावून उभा. डब्याचं झाकण बिजागरीतून तुटलेलं होतं, ऑगस्टपासून. तीन दिवसांत एका तासाच्या फरकाने जनावर चाळीस पावलं आत आलं, आणि काका समोरच्या गेटवर, आमचं जेवण नऊला, कुणाला पत्ता नाही.

गुरुवारी सव्वाआठला पँट्रीतला मुलगा (विशीचा, काँट्रॅक्टवर, दिघ्याहून येतो) ओल्या कचऱ्याची पिशवी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडला. मागच्या भिंतीवरची ट्यूब गेलेली, तिच्या तक्रारीचं तिकीट माझ्याकडेच पेंडिंग. डब्याला तीन कुत्रे लागलेले, आणि कोल्हा डीजीची जाळी आणि भिंत ह्यांच्यामधल्या कोपऱ्यात अडकलेला, कारण फाटकाच्या फटीसमोर चौथा कुत्रा. मुलाला कोल्हा दिसलाच नाही. त्याने दाराशी ठेवलेला वायपर उचलला आणि हाड-हाड करत फिरवला. पुढचे सहा सेकंद फुटेजमध्ये नुसत्या सावल्या आहेत. कुत्रे सुटले, कोल्हाही सुटला, मुलगा रॅम्पवर आडवा झाला. उजव्या हाताला, कोपराखाली, दोन ओरखडे आणि एक दात रुतल्यासारखी खूण, थोडं रक्त. कोण चावलं हे त्याला कळलं नाही, फुटेजमध्ये मलाही कळलं नाही, आजही माहीत नाही.

त्याने काय केलं, तर बेसिनखाली हात धरला, नुसत्या पाण्याने, मग पँट्रीतली हळद दाबून भरली, वर रुमाल. पँट्रीतल्या ताईंनी विचारलं तर म्हणाला पत्र्याच्या डब्याने कापलं. मला सांगितलं नाही कारण मागच्या वर्षी दुसऱ्या एका साइटवर कुणाला लागलं तेव्हा काँट्रॅक्टरने त्याला आठ दिवस बसवून ठेवलं होतं, बिनपगारी. हे तो मला नंतर रिक्षात म्हणाला, ते आधी कधी बोलला नसता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला पँट्रीतल्या ताई माझ्या डेस्कपाशी आल्या. "दादा, त्याचा हात बघा एकदा. डब्याने असं कापत नाही, माझ्या धाकट्याला कुत्रा चावला होता, मला माहितीये." मी बघितलं. हळदीचा पिवळा थर, कडा लाल. बावीस तास झाले होते.

इथून पुढचं मी जरा सावकाश लिहितो, कारण ऑफिसमध्ये ह्यावर जी चर्चा झाली त्यात अर्ध्या लोकांना ह्यातलं काही माहीत नव्हतं, एकाने तर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील म्हणून त्या मुलाला घाबरवलं. ते फार जुनं झालं, आता दंडात देतात.

आधी जखम धुणं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. पंधरा मिनिटं म्हणजे किती लांब असतात ते नळाखाली हात धरल्यावर कळतं. उशीर झाला असला तरी धुवायचंच. हळद, चुना, तिखट, कॉफी पावडर काही भरायचं नाही, आणि भरलेलं असेल तर धुवून काढायचं. मग आम्ही महापालिकेच्या रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कोणता प्राणी. मी म्हटलं, माहीत नाही, कुत्रा किंवा कोल्हा. त्या म्हणाल्या, "मग कोल्हा धरूनच चालू." आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कुठल्याही जंगली प्राण्याचा चावा किंवा रक्त आलेला ओरखडा म्हणजे तिसरी श्रेणी, सगळ्यात गंभीर. त्यात नुसती लस पुरत नाही, इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते जखमेत आणि जखमेच्या भोवती टोचतात. कारण लसीमुळे शरीराला स्वतःचं संरक्षण तयार करायला काही दिवस लागतात, तोपर्यंतची तयार रसद म्हणजे हे इंजेक्शन. ते दुखतं. मुलगा पहिल्यांदा तिथे रडला. जखमेला टाका घातला नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, आणि लसीच्या तारखा लिहून दिल्या: ० म्हणजे तो दिवस, मग ३, ७ आणि २८. कातडीत देतात तेव्हा अशा चार फेऱ्या असतात, स्नायूत देतात तेव्हा मधे चौदाव्या दिवसाची एक धरून पाच.

मी बाहेर येऊन विचारलं, एक दिवस गेला तर उशीर झाला का? डॉक्टर म्हणाल्या, लक्षणं दिसायच्या आधी कधीही आलात तरी आम्ही देणार, लक्षणं दिसली की मग आमच्याकडे देण्यासारखं काही राहत नाही. एवढंच बोलून त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या, तिथे रांग होती, बहुतेक सगळे कुत्र्याचे.

एक गोष्ट मला तेव्हाच कळली. पाळीव किंवा गल्लीतला ओळखीचा कुत्रा चावला तर लस चालू ठेवून त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवतात, तो ठणठणीत राहिला तर डॉक्टर पुढचं ठरवतात. कोल्ह्याच्या बाबतीत तसं काही चालत नाही. शेठ दहा दिवसांनी लॉनवर ठणठणीत दिसला तरी तो तोच शेठ कशावरून? काकांना ओळखू यायचा म्हणे, डाव्या कानाला खाच. फुटेज लावून बघितलं तर दोन वेगवेगळ्या रात्री दोन वेगळे कोल्हे होते, एकाच्या कानाला खाच, दुसऱ्याच्या नाही. आम्ही दीड महिना दोघांना एकाच नावाने जेवू घालत होतो.

शनिवारी सकाळी मी १९२६ ला फोन लावला, वन विभागाची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइन. दुपारनंतर दोघं जण आले. मला वाटलं पिंजरा लावतील. एचआरचीही तीच अपेक्षा होती, 'रिलोकेट' हा शब्द तीनदा आला. त्यातले जे वयाने मोठे होते त्यांनी मागची भिंत, फाटक, डबा फिरून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, तो त्याच्या घरातच आहे, उचलून नेऊ कुठे? आणि हा गेला की रिकाम्या जागेवर दुसरा येईल, डबा उघडाच आहे ना तुमचा." मग सांगितलं ते असं, की खायला घालणं आजपासून बंद, थोडं-थोडं कमी वगैरे नाही. पिंजरा, काठी, फटाके काही नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली कोल्हा संरक्षित आहे, पकडणं-मारणं-छळणं गुन्हा. तोल जात असलेला, दिवसाढवळ्या माणसाच्या अंगावर येणारा, लाळ गळणारा, किंवा एकाच जागी गरगर फिरणारा दिसला तर जवळ जायचं नाही, माणसं आत घ्यायची आणि फोन करायचा. मेलेला दिसला तरी हात लावायचा नाही, फोनच.

आणि जाता जाता त्यांनी ग्रुपवरचे फोटो बघून विचारलं, हे बाहेर कुठे टाकले नाहीत ना? जागा कळू देऊ नका, कोल्ह्याचं शिंग म्हणून जी केसाळ गाठ लोक नशिबासाठी विकत घेतात त्यापायी हे मारले जातात. म्हणून ऑफिसचा पत्ता नाही लिहिला.

त्याच संध्याकाळपासून कामाला लागलो. फाटकाखाली पत्र्याची पट्टी मारली. मागची ट्यूब बदलली, एकशे ऐंशी रुपयांची ट्यूब, पाच आठवडे पेंडिंग. उरलेलं जेवण आता केटररच परत नेतो, आणि तो माणशी किती पाठवायचं हे रोज दुपारी चारला विचारतो त्यामुळे उरतंही कमी. पँट्रीतला प्रिंट काढला. लॉन दोन वेळा पाण्याने धुतलं.

काकांना सांगणं अवघड गेलं. ते म्हणाले, "दादा, तो आठला येऊन उभा राहणार." मी म्हटलं, राहू दे. काका गप्प बसले. नऊ रात्री तो आला. पट्टी मारल्यामुळे फाटकाबाहेर, रस्त्याच्या दिव्यात दिसायचा. काका समोरच्या गेटवरची खुर्ची मुद्दाम इकडे तोंड करून ठेवायचे. दहाव्या रात्री आला नाही. मग अधूनमधून, आता तर नुसतं रात्री पलीकडून ऐकू येतं, एक सुरू करतो आणि मग सगळी खारफुटी ओरडते. कुत्रे मात्र पंधरा दिवस हटले नाहीत, त्यांच्यासाठी महापालिकेच्या नसबंदी-लसीकरणवाल्यांना कळवलं, ते त्यांच्या वेळेने येऊन घेऊन गेले आणि लस देऊन परत त्याच गल्लीत सोडून गेले, तसाच नियम आहे, आता एकाचा कान थोडा कापलेला दिसतो ती त्याची खूण.

रिपोर्टवरून जो वाद झाला तो थोडक्यात. वरून फॉर्म आला त्यात 'मूळ कारण' नावाचा एकच चौकोन, आणि त्यात आधीच टाइप केलेलं, सुरक्षारक्षकाचा निष्काळजीपणा. मी ते खोडून परत पाठवलं. सोबत सप्टेंबरचा रॅम्पचा आणि ऑक्टोबरचा उंदरांचा रिपोर्ट जोडला, शिफ्ट बदलल्याचा माझाच मेल जोडला, ट्यूबचं तिकीट जोडलं, आणि चार दिवसांच्या फुटेजमधल्या वेळा लिहिल्या. दोनदा परत आलं. तिसऱ्यांदा मॅडमनी मध्ये पडून सांगितलं की फॉक्स हा शब्द कॉलवर माझ्या तोंडून गेला, मलाही त्या चौकोनात घाला. मग तो चौकोनच काढला आणि एक पान दिलं. काका राहिले. मुलाच्या चारही फेऱ्यांचे दिवस भरपगारी धरले, काँट्रॅक्टरने कुरकुर केली, पण धरले. अठ्ठाविसाव्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो होतो, कार्डावर शेवटचा शिक्का बसला आणि आम्ही बाहेर येऊन वडापाव खाल्ला, तो म्हणाला, "दादा, तो कोल्हाच असेल तर बरं, कुत्रा चावला सांगायला कसंतरी वाटतं."

ब्रिस्टलला मॅडमनी सगळं कळवलं, ह्या वेळी फोटोसकट. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं, ते फार हादरले होते, आणि पुढच्या सोमवारच्या कॉलवर पहिलं मुलाच्या हाताची चौकशी केली. मॅडम म्हणाल्या की तुमचा सल्ला बरोबरच होता, प्राणी आम्ही चुकीचा सांगितला. त्यावर ते म्हणाले, फोटो आधी मागायला हवा होता.

एक काम अजून बाकी आहे. कचऱ्याच्या डब्याचं झाकण. तीन कोटेशन लागतात म्हणून पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, अडकलाय, दोनच आलीत. तोवर वर एक प्लायचा तुकडा आणि दोन विटा, आणि रात्री निघताना विटा जागेवर आहेत का ते काका बघतात, मीही बघतो.